‘शाश्वत’ म्हणजे खात्रीचं की टिकणारं? शेततळ्यांवरचं संशोधन जरा तपासून वाचूया

आपल्या मराठवाड्यात ‘शाश्वत शेतीच्या पद्धती व तंत्रे’ या विषयावर पीएचडी करू इच्छिणाऱ्यांची संख्या कमी नाही. विषय चांगला आहे, आपल्या मातीतला आहे. पण सिनॉप्सिस वाचायला घेतला की बहुतेक वेळा एकच साचा दिसतो. आधी एक यादी : ठिबक, मल्चिंग, गांडूळखत, जीवामृत, आंतरपीक, बीबीएफ, शेततळं. यादीच्या डोक्यावर ‘शाश्वत तंत्रे’ अशी पाटी. मग शंभर-दोनशे लाभार्थ्यांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, एखादी काय-स्क्वेअर टेस्ट. आणि शेवटी निष्कर्ष : तंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढलं, म्हणून हे तंत्र शाश्वत आहे.

आजची पोस्ट या ‘म्हणून’ वर आहे. उत्पन्न वाढलं हे खरं असू शकतं. तंत्र शाश्वत असणं हेही खरं असू शकतं. पण पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. हे समजावून घ्यायला मी यादीतलं एकच तंत्र घेतो : शेततळं. कारण ते छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसत्या डोळ्यांनी दिसतं, त्यावर सरकारी पैसा आहे, आणि त्याच्यावर झालेलं संशोधन वाचताना पद्धतीचे जवळजवळ सगळे प्रश्न एकाच जागी सापडतात.

आधी शब्दाकडे बघा

शेततळ्याची जी योजना २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मागेल त्याला शेततळे’ या नावाने आली, तिच्यात जास्तीत जास्त ५०,००० रुपये अनुदान होतं. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ते ७५,००० करण्यात आलं आणि शेततळं ‘मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजने’त आलं. नावातच ‘शाश्वत’ आहे. मग संशोधकाला वाटतं, योजना शाश्वत आहे म्हणजे आपल्या विषयात ती बसलीच.

इथे मराठीची एक गंमत आहे. ‘शाश्वत सिंचन’ असं प्रशासन म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ असतो खात्रीचं पाणी. पाऊस दगा देईल, पण हे पाणी हाताशी असेल. आणि ‘शाश्वत शेती’ असं आपण संशोधनात म्हणतो तेव्हा अर्थ असतो टिकणारी शेती : पुढच्या पिढीची माती, पाणी संपवून न टाकणारी. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, अश्युअर्ड आणि सस्टेनेबल. आपण दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो आणि त्यामुळे एका अर्थाचा पुरावा दुसऱ्या अर्थाच्या खात्यावर जमा होतो.

एका शेतकऱ्यासाठी पाणी जितकं खात्रीचं, तितकं गावासाठी ते टिकणारं असेलच असं नाही. उलट कधीकधी एकाची खात्री हीच दुसऱ्याची टंचाई असते. म्हणून सिनॉप्सिस लिहिताना पहिलं काम हे : तुमच्या शीर्षकातला ‘शाश्वत’ या दोनपैकी कोणता, ते एका वाक्यात लिहून टाका. मार्गदर्शकांनी विचारायच्या आधी.

कागदावरचं शेततळं आणि रानातलं शेततळं

शेततळ्याची मूळ कल्पना साधी आहे. पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारं पाणी, म्हणजे अपधाव, एका खड्ड्यात अडवायचं. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवसांची ओढ दिली की सोयाबीन किंवा कापसाला एखादं संरक्षित पाणी द्यायचं. थोडं पाणी जमिनीत मुरलं तरी हरकत नाही, शेजारच्या विहिरीला फायदाच.

रानात दिसणारं शेततळं पुष्कळदा वेगळं असतं. चारही बाजूंनी उंच बांध, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, भोवती तारेचं कुंपण. अपधाव आत येईल असं तोंडच नाही. इनलेट-आउटलेट नसलेल्या शेततळ्याचा प्रकार योजनेच्या अर्जातही आहे, त्यामुळे यात चोरीछुपे काही नाही. मग ते भरतं कशाने? विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने. पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता, विहीर भरलेली असताना मोटार चालू करून पाणी वर काढायचं, कागदावर साठवायचं आणि उन्हाळ्यात मोसंबी, डाळिंब किंवा द्राक्षाला ठिबकने द्यायचं.

म्हणजे एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत. एक अपधाव साठवते आणि थोडं मुरवते. दुसरी भूजल उपसून साठवते आणि मुरू देत नाही. प्रश्नावलीत मात्र एकच प्रश्न असतो : ‘तुमच्याकडे शेततळे आहे का? होय / नाही.’ ज्या चलावर सगळा प्रबंध उभा आहे, तेच चल असं गोळाबेरीज असेल तर पुढे कितीही चांगलं सॉफ्टवेअर वापरा, उत्तर धूसरच येणार.

पुण्याच्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टमध्ये काम करणाऱ्या ईश्वर काळे यांनी २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त महाराष्ट्रातल्या शेततळ्यांच्या वापरावर लेख लिहिला, तो याच फरकावर बोट ठेवतो. शेततळी अपधावाऐवजी उपशाच्या पाण्याची टाकी म्हणून वापरली जातात, त्यातून बाष्पीभवन वाढतं आणि सामाईक भूजल खाजगी होतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हा लेख वाचावाच. लेखाचं बळ असं की तो ‘शेततळं वापरतात का’ हे न विचारता ‘कशासाठी, कशाने भरून वापरतात’ हे विचारतो. पण असा लेख वाचल्यावर पुढचा प्रश्न आपल्याला पडला पाहिजे : ठीक आहे, नुकसान होतं, पण किती? कोणत्या खडकात? कोणत्या महिन्यात भरल्यावर? तुमच्या प्रबंधाची जागा तिथे आहे.

एक हिशेब, वहीत करता येईल असा

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल शेततळं घ्या. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळ २४ बाय २४ मीटरचा होतो आणि साठा सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर.

पहिला प्रश्न : थेट पडणाऱ्या पावसाने त्यातलं किती भरेल? आपल्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरू. ९०० चौरस मीटर तोंडावर ७०० मिमी म्हणजे ६३० घनमीटर. पावसाळ्यातलं बाष्पीभवन सोडून दिलं तरी तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. उरलेलं साधारण १५ लाख ७० हजार लिटर पाणी कुठून तरी आणावंच लागणार.

दुसरा प्रश्न : हवेत किती जाईल? फेब्रुवारी ते मे हे १२० दिवस, रोज सरासरी ८ मिमी बाष्पीभवन असं गृहीत धरा. जवळजवळ एक मीटर पाण्याची पातळी नुसती उडून जाते. तळं किती भरलेलं राहतं त्यानुसार पृष्ठभाग कमीजास्त होईल, म्हणून हा आकडा साधारण साडेपाच ते साडेआठ लाख लिटरच्या मध्ये येतो. म्हणजे मे अखेरपर्यंत पाणी टिकवलं, तर साठ्याचा पाव हिस्सा ते चाळीस टक्के बाष्पीभवनात. हेच पाणी विहिरीखालच्या खडकात असतं तर असं उडालं नसतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : ते १५ लाख ७० हजार लिटर भूजलातून काढलं तर जमिनीखाली काय होतं? आपला खडक बेसाल्ट. त्यात पाणी साठायला वाळूसारखी जागा नसते. भेगा आणि झिजलेला थर एवढंच. खडकातून उपसून मिळू शकणाऱ्या पाण्याचं प्रमाण, म्हणजे स्पेसिफिक यील्ड, झिजलेल्या बेसाल्टसाठी १ ते ३ टक्के धरतात. मधला २ टक्के घेऊ. १,५७० घनमीटर भागिले ०.०२, म्हणजे ७८,५०० घनमीटर खडक रिकामा झाला. म्हणजेच जवळजवळ ८ हेक्टर क्षेत्राखालची पाणीपातळी एक मीटरने उतरली. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. म्हणजे एका शेततळ्याची भरणी जवळपास सहा सरासरी शेतकऱ्यांच्या जमिनीखालून एक मीटर पाणी काढते.

हा आकडा अंतिम सत्य म्हणून कुठे लिहू नका. १ टक्का धरला तर क्षेत्र दुप्पट होतं, ३ टक्के धरला तर सव्वापाच हेक्टरवर येतं. याला सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात आणि ते करायला संगणक लागत नाही. शिवाय वेळेचा मुद्दा आहेच. ऑगस्टमध्ये काढलेलं पाणी सप्टेंबरच्या पावसाने भरून निघू शकतं. नोव्हेंबरमध्ये काढलेलं पुढच्या जूनपर्यंत भरून येत नाही. आणि ऑगस्टचं पाणी ‘फुकटच’ होतं असंही म्हणता येत नाही, कारण भरलेली विहीर पुढे ओढ्याला पाणी देत असते. म्हणजे नुकसान शेजाऱ्याऐवजी खालच्या गावाचं झालं.

आता परत त्या लाभार्थी-प्रश्नावलीकडे या. तिने शेततळं असलेल्या माणसाला विचारलं : उत्पन्न वाढलं का? तो म्हणाला, हो. खोटं बोलला नाही. पण त्या सहा जणांना कोणी विचारलंच नाही. ते ‘लाभार्थी’ नव्हते, म्हणून सॅम्पलमध्ये नव्हते. जिथे खर्च पडतो ती जागाच अभ्यासक्षेत्राबाहेर ठेवली, तर कोणतंही तंत्र फायद्याचंच दिसेल.

आधी आणि नंतर : पाऊस विसरू नका

दुसरी नेहमीची रीत म्हणजे ‘योजनेपूर्वी’ आणि ‘योजनेनंतर’ अशी तुलना. पण साल बघा. २०१४ आणि २०१५ ही मराठवाड्याची दुष्काळी वर्षं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आणि २०१६ चा पावसाळा चांगला झाला. आता ‘आधी’ म्हणजे २०१५ आणि ‘नंतर’ म्हणजे २०१६-१७ असं धरलं, तर शेततळं, गांडूळखत किंवा गळ्यात बांधलेला ताईत, कशानेही उत्पन्न वाढल्याचं दिसेल.

यावर उपाय आहे, अवघड नाही. एक, शेततळं नसलेले पण तशाच जमिनीचे, तशाच विहिरीचे शेतकरी त्याच गावातून घ्या आणि दोन्ही गटांतला बदल तुलनेला घ्या. दोन, महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो, तो विश्लेषणात आणा. जिल्ह्याच्या सरासरीवर भागवू नका. तीन, किमान एक वाईट पावसाचं साल तुमच्या ‘नंतर’ मध्ये असू द्या. शेततळ्याची खरी परीक्षा वाईट वर्षीच होते.

आणखी एक अडचण. शेततळं घेतं कोण? अनुदान आलं तरी खोदाई आणि कागद यांचा खर्च त्यापेक्षा जास्त जातो, आणि पाऊण-एक एकराच्या मालकाला त्यासाठी नऊ-दहा गुंठे जागा सोडणं परवडत नाही. म्हणजे आधीपासून विहीर असलेला, बाग असलेला, बँकेत पत असलेला शेतकरीच पुढे येतो. त्याचं उत्पन्न जास्त दिसलं तर ते शेततळ्यामुळे की तो आधीच बरा होता म्हणून? संशोधनात याला निवडीचा दोष म्हणतात. प्रश्नावलीत ‘शेततळ्याआधी किती विहिरी, किती बाग, किती कर्ज’ हे विचारलं नसेल, तर हा दोष नंतर काढता येत नाही.

टीका करणाऱ्यांवरही थोडी टीका

आता दुसरी बाजू. वरचं वाचून ‘शेततळी वाईट’ असा निष्कर्ष काढून मोकळं होणं हीसुद्धा तितकीच कच्ची पद्धत आहे.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, कितीतरी जणांनी झाडं तोडून काढली. बाग म्हणजे एका हंगामाचं पीक नव्हे; पाच-सहा वर्षं पोटच्या पोरासारखं जपल्यावर ती फळाला येते. एका उन्हाळ्याने ती गेली की कर्ज राहतं आणि झाड जात असतं. अशा माणसासाठी वीस लाख लिटर पाणी डोळ्यांसमोर दिसणं म्हणजे काय असतं, हे बाष्पीभवनाच्या आकड्यात येत नाही. शिवाय शेतीची वीज ठरावीक तास येते, तीही कधी रात्री. साठा असला की त्या वेळेची गुलामी कमी होते. त्याचा निर्णय त्याच्या जागेवरून पूर्ण शहाणपणाचा आहे. आणि मी नाही काढलं तर शेजारी काढेल, ही भीतीही खरी आहे. म्हणून दोष माणसाच्या हावेत शोधण्यापेक्षा नियम नसण्यात शोधावा.

नियम नाहीत असंही नाही. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरना मनाई करतो. प्रत्यक्षात गावागावांत बोअर किती फुटांवर गेले आहेत, हे कुठल्याही बोअरवेलच्या गाडीवाल्याला विचारा. कायदा आणि वर्तन यांतलं हे अंतर हाच एक स्वतंत्र प्रबंध आहे.

आणि शेततळी असूनही बऱ्यापैकी टिकलेलं गाव म्हणून जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं नाव घेतात. तिथे शेकडो शेततळी आहेत, द्राक्षबागा आहेत. पण तिथला क्रम बघा : आधी इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचं काम, बांधबंदिस्ती, माथा ते पायथा उपचार, शेततळी त्यानंतर वाढली. मग यश शेततळ्याचं की पाणलोटाचं? एकट्या कडवंचीत जाऊन याचं उत्तर मिळणार नाही. पाणलोट झालेलं पण शेततळी कमी असलेलं, आणि शेततळी खूप पण पाणलोट न झालेलं, अशी दोन गावं शेजारी ठेवावी लागतील. आपण मात्र सगळे हिवरे बाजार, राळेगण, कडवंची इथेच जातो. यशस्वी गावांचाच अभ्यास केला तर यशाचं कारण सापडत नाही, फक्त यशाचं वर्णन सापडतं.

हिवरे बाजारचं नाव निघालंच आहे म्हणून : तिथे गाजतात ती कामं बंधाऱ्यांची, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे तो शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम आणि दरवर्षी मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून उभी केलेली पाणी पंचायतही हेच सांगते : पाणी जमिनीच्या मालकीवर न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने द्यायचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस लावायचा नाही, भूमिहीनालाही वाटा. या दोन्ही ठिकाणी ‘तंत्र’ म्हणजे यंत्र किंवा खड्डा नाही, वाटपाचा नियम आहे. आपल्या यादीत ठिबक आणि मल्चिंगच्या शेजारी ‘पीक-नियम’ आणि ‘उपसा-नियम’ कधीच दिसत नाहीत, ही मला त्या यादीची सगळ्यात मोठी उणीव वाटते.

ठिबकचंही तसंच. पाणी वाचवणारं तंत्र आलं की वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर बाग लागते आणि गावाचा एकूण उपसा कमी होत नाही. २०१८ साली ‘सायन्स’ मध्ये ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या सिंचनाबद्दल हाच विरोधाभास मांडला. आपल्याकडे तो तपासून बघण्यासारखा आहे. नुसता उद्धृत करण्यासारखा नाही.

मग प्रश्न कसा मांडायचा?

‘शेततळे हे शाश्वत तंत्र आहे का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी असं विचारा : ‘कोणत्या प्रकारच्या खडकात, कशाने आणि केव्हा भरलेली, किती शेततळी एका पाणलोटाला पेलतात?’ या प्रश्नात एकक शेतकरी नाही, पाणलोट आहे. आणि उत्तर हो-नाही नसून मर्यादेचं आहे. आयआयटी मुंबईच्या पूजा प्रसाद, ओम दामाणी आणि मिलिंद सोहोनी यांनी २०२२ मध्ये शेततळ्यांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच मर्यादेच्या भाषेत बोलतो. तो मॉडेलवर आधारलेला आहे. आपल्याकडच्या प्रत्यक्ष गावांच्या मोजणीची त्याला जोड मिळाली तर दोन्हींचं भलं होईल.

मोजणीसाठी फार पैसा लागत नाही. गुगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं दिसतात. शेततळ्याचा चौकोन कोणत्या साली उगवला आणि डिसेंबरात भरलेला होता का, हे घरी बसून नोंदवता येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी मिळते. कमी पडतं ते एवढंच : शेततळ्यापासून ठरावीक अंतरावरच्या विहिरी, शेततळं नसलेल्या माणसांच्या, दर महिन्याला दोरी सोडून मोजणं. दोन पावसाळे हे काम नीट केलं तर तुमच्याकडे अशी माहिती असेल जी कोणत्याही कार्यालयात नाही.

व्हायवामध्ये कोणी विचारलं की तुमच्या प्रबंधाने काय साधलं, तर उत्तर तयार असावं : लाभार्थ्याला तर सगळेच विचारतात, मी त्याच्या शेजाऱ्याची विहीर मोजली.